माझ्या चौदा कुंड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी "कुंडीतील बाग" या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे आपल्या चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले, तेव्हा प्रथम मला ती थट्टाच वाटली. ज्या बाईच्या हातून गुलाबाची चार, तुळशीची दोन आणि निवडुंगाचे एक अशी सात रोपे मेली, तिने बागेवर व्याख्यान द्यावे म्हणजे काय! निवडुंग मारण्यासाठी सुद्धा काही कर्तबगारी लागते. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "ज्यांना बागेची आवड आहे अशांची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. ती ऐकून आवड असलेल्याच बायका माना डोलावतात. यंदा आम्हाला अशी बाई हवी आहे की, जिला आवड नव्हती आणि तरीही करावे लागले." अशी बाई शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नाही.

मी 31 वर्षे शाळेत गणित शिकविले. घरी आल्यावर वह्या तपासायच्या, स्वयंपाक करायचा, मुलांचे पाहायचे. त्यात झाडांना जागा नव्हती. आमच्या पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला पूर्वेची गॅलरी आहे. तिचा उपयोग मी कपडे वाळत घालण्यासाठी आणि रद्दी ठेवण्यासाठी करीत होते, आणि त्यात मला काही कमी आहे असे कधी वाटले नाही.

2017 साली आमच्या वाईच्या घराची वाटणी झाली आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. त्या वेळी त्यांचे वय 79. टेम्पोतून त्यांचे सामान आले ते असे: एक ट्रंक, देवांची पेटी, पितळी पातेली आणि चौदा कुंड्या. कुंड्या म्हणण्यापेक्षा भांडी म्हणावे. त्यांत सहा मातीच्या कुंड्या होत्या, बाकी तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या आणि एक फुटका हंडा. परसातली जी जी झाडे उचलून आणणे शक्य होते, ती त्यांनी त्यांत लावून आणली होती. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, अबोली, मोगरा, जास्वंद, अळू अशी सगळी मंडळी होती. मी दारात उभी राहून मोजत होते आणि प्रत्येक कुंडीगणिक माझा चेहरा लांब होत होता. आईंनी तो पाहिला असावा. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, त्यांचं मी बघेन. तुला त्रास नाही पडायचा."

त्यांनी दीड महिना बघितले. मग त्यांचा गुडघा दुखावला, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आणि पाण्याची झारी माझ्या हाती आली.

आता माझी पहिली चूक सांगते, कारण ती तुमच्यापैकी अनेकींची असेल. मला वाटायचे, झाड म्हणजे पाणी. सकाळी शाळेला जाण्यापूर्वी प्रत्येक कुंडीत एक तांब्या ओतला की कर्तव्य संपले. तुळस मान टाकू लागली. मला वाटले, तहानलेली आहे. मी दोन तांबे घालू लागले. ती आणखी सुकली, मी आणखी घातले. शेवटी ती उपटली तेव्हा मुळे काळी पडून कुजलेली निघाली. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते हे तोवर मला ठाऊक नव्हते. मातीतल्या बारीक पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. वरून पाहणाऱ्याला मात्र ते सुकलेलेच दिसते.

आईंनी मला रागावले नाही. त्यांनी माझे बोट धरून जास्वंदीच्या मातीत दोन पेरे आत घातले आणि विचारले, "ओलं लागतंय?" मी हो म्हटले. "मग आज पाणी नाही." एवढेच शिक्षण. गेल्या इतक्या वर्षांत याहून चांगले साधन मला मिळालेले नाही. मे महिन्यात मातीच्या लहान कुंडीला दिवसातून दोन वेळा पाणी लागेल, श्रावणात आठ दिवस लागणार नाही. घड्याळ पाहून पाणी घालणारी बाई एक तर झाड बुडवते, नाही तर वाळवते.

दुसरी चूक भोकांची. रंगाच्या एका रिकाम्या बादलीत मी मोठ्या हौसेने कोथिंबीर पेरली आणि बादलीला तळाशी भोक पाडायला विसरले. पहिल्या मोठ्या पावसात तिचे तळे झाले. तेव्हापासून गॅसवर सळई तापवून प्लॅस्टिकच्या प्रत्येक भांड्याला तळाशी पाच-सहा भोके पाडल्याशिवाय मी माती भरत नाही. भोकावर एक खापरीचा तुकडा, फुगीर बाजू वर करून ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. पुष्कळजणी तळाला खडीचा जाड थर देतात. मीही देत असे. त्याने निचरा सुधारत नाही. पाणी खडीत उतरण्याऐवजी वरच्या बारीक मातीतच अडून राहते आणि मुळांची तेवढी जागा मात्र वाया जाते. खडीचे पैसे वाचवावेत आणि मातीच मोकळी करावी. एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा ओल्या कचऱ्याचे खत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मूठभर निंबोळी पेंड, हे माझे माप आहे.

आता मी मूळ गोष्टीकडे येते. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण कुंड्यांवर बोलायचे आणि ती गाळायची, हे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

आमच्या गॅलरीतून गढूळ पाणी खाली टपकू लागले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या धुतलेल्या चादरींवर मातीचे डाग पडले. त्या वर आल्या. आवाज चढला नाही, पण चादर हातात घेऊनच आल्या होत्या. मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी बाजारात जाऊन प्लॅस्टिकच्या चौदा बशा आणल्या आणि प्रत्येक कुंडीखाली एक ठेवली. टपकणे थांबले. वहिनी जिन्यात भेटल्या की हसू लागल्या. आपण शेजारधर्म पाळला, असे मला मनापासून वाटत होते.

हे 2018 च्या जुलैमधले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये वहिनींच्या मुलीला ताप आला. मुलगी नऊ वर्षांची. आईंकडे रोज पत्ते खेळायला यायची, मला काकू म्हणायची. तीन-चार दिवस ताप होता, अंग दुखत होते, डोळ्यांच्या मागे दुखते म्हणत होती. रक्त तपासले तेव्हा डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सर्वांनी हुश्श केले. त्याच संध्याकाळी तिच्या पोटात दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, हात-पाय गार पडले. रात्री दहाला तिला रुग्णालयात नेले. प्लेटलेट एरवी किमान दीड लाख असाव्यात, त्या 28,000 वर आल्या होत्या.

त्या रात्री डॉक्टरांनी वहिनींना जे समजावले, ते मी येथे मुद्दाम सांगते. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे संकट टळले असे समजू नये. खरा धोक्याचा काळ बहुधा त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हात-पाय गार पडणे, खूप सुस्ती, यांपैकी एक जरी दिसले तरी थांबू नये. तापाला पॅरासिटामॉलखेरीज दुसरी गोळी मनाने देऊ नये. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

मुलगी रुग्णालयात असताना महापालिकेचे एक कर्मचारी इमारतीत तपासणीला आले. हातात विजेरी आणि एक लहान पळी. आमच्या गॅलरीत त्यांनी वाकून पहिल्या कुंडीखालच्या बशीत प्रकाश टाकला आणि मला जवळ बोलावले. पाणी अगदी स्वच्छ होते. त्यात तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, वळवळणाऱ्या, वर-खाली करणाऱ्या अळ्या होत्या. चौदापैकी नऊ बशांत होत्या. मी रोज त्या गॅलरीत उभी राहत होते. पण बशीकडे पाहावे असे मला एकदाही वाटले नव्हते.

त्या गृहस्थांनी मला शांतपणे समजावले. हा डास घाणीत वाढत नाही. त्याला घरातले स्वच्छ, साठलेले पाणी लागते. तो दिवसा चावतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. मादी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. पाणी आटले, बशी वाळली, तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडे घासून कोरडे केले, तर ही साखळी तुटते. नुसते ओतून भागत नाही, घासावे लागते.

त्यांनी इमारतीत आणखीही ठिकाणे शोधली. गच्चीवर एक जुना टायर होता, एका घरी शोभेच्या वेलीची बाटली होती. तेव्हा मुलीला चावलेला डास माझ्याच बशीतला होता असे कोणी सिद्ध करू शकत नव्हते. तो शाळेतही चावला असेल. त्यातून, डासाने आधी डेंग्यूच्या रोग्याला चावलेले असावे लागते. गणिताची शिक्षिका असल्याने मी ही सर्व शक्यतांची मांडणी रात्रभर करीत होते. परंतु हा डास फार लांब उडत नाही, आणि माझ्या बशा व त्या मुलीची खिडकी यांत एका मजल्याचे अंतर होते. हे उत्तर मला पुसता येत नव्हते.

सकाळी मी यांना सांगितले, "आजच्या आज या कुंड्या घरातून जाऊ द्या." भंगारवाल्याला निरोपही धाडला. आई आतून काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "कुंड्या द्यायच्या तर दे. माझ्या हौसेखातर ठेवू नकोस. पण दोष कुंडीचा नाही हो, बशीचा आहे. वाईला झाडाचं पाणी खाली जमिनीत जायचं. इथे खाली जमीनच नाही, तर आपण तिथे काय ठेवतो ते आपणच बघायला हवं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि खाली जाऊन सांगून ये."

कुंड्यांचे मी ऐकले असते, पण हे दुसरे मला नको होते. वहिनींना अळ्यांचे ठाऊक नव्हते. कर्मचाऱ्यांनी कोणाच्या घरी काय सापडले ते कोणाला सांगितले नव्हते. मी न सांगते तर कोणाला कळले नसते. भगिनींनो, मी दोन दिवस सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीच्या प्लेटलेट चढू लागल्याची बातमी आली, तेव्हा कुठे मला धीर आला. म्हणजे मुलगी बरी होत आहे हे कळेपर्यंत मी वाट पाहिली. त्याचे मला आजही वाईट वाटते.

वहिनी रुग्णालयातून डबा न्यायला घरी आल्या होत्या. मी दारातच सर्व सांगितले. बशा त्यांच्यासाठीच आणल्या होत्या हे मात्र मी बोलले नाही. तसे बोलणे म्हणजे अर्धा दोष त्यांच्या पदरात टाकणे झाले असते. त्यांनी ऐकून घेतले, डब्याचे झाकण लावले, आणि "मला आता जायला हवं" एवढेच म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

मुलगी घरी आली. दिवाळी झाली. आमच्याकडे दर वर्षी येणारे त्यांच्या घरचे फराळाचे ताट त्या वर्षी आले नाही. मी ताट पाठविले, ते स्वच्छ धुऊन, साखर घालून परत आले. बोलणे मात्र नव्हते.

त्या काळात मी गॅलरी नव्याने मांडली. बशा सर्व काढल्या. सगळ्या कुंड्या कठड्यापासून आत, लोखंडी घडवंचीवर घेतल्या. खाली पत्र्याचा एक लांब ट्रे, गॅलरीच्या मोरीकडे उतार देऊन, असा बसवला की त्यात पाणी थांबत नाही. पाणी एकदम न ओतता दोन वेळा थोडे थोडे घालायचे आणि तळाशी पहिला थेंब दिसला की हात आवरायचा. कोरड्या मातीवर भसकन ओतलेले पाणी कडेने निघून खाली जाते आणि मुळांना मिळतच नाही, हेही तेव्हाच कळले. रद्दीवाल्याच्या काट्यावर मी एक बारा इंची ओली कुंडी तोलून पाहिली, ती 23 किलो भरली. त्या दिवसापासून कठड्यावर एकही कुंडी नाही. आणि शनिवार हा आमचा कोरडा दिवस ठरला. ट्रे, झारी, फुलदाणी, फ्रीजच्या मागची पाण्याची वाटी, पक्ष्यांचे भांडे, सगळे घासायचे.

जानेवारीतल्या एका शनिवारी दार वाजले. मुलगी उभी होती, मागे दोन पायऱ्या खाली वहिनी. वहिनी म्हणाल्या, "हिला शाळेत प्रकल्प दिलाय डासांवर. तुमच्याकडे शनिवारी घासतात म्हणे. येऊ दे का तिला?" मी बाजूला सरले. मुलगी आत आली, आईंच्या पायाशी बसली आणि ट्रे घासू लागली. वहिनी चौकटीशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्याही आत आल्या. चहा झाला. मागच्या गोष्टीविषयी त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. पुढच्या शनिवारी मुलगी पुन्हा आली, प्रकल्प संपला तरी येत राहिली. आईंनी तिला तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला शिकविले. मंजिऱ्या खुडल्या की तुळस पाने धरते. सगळ्या ठेवल्या तर बी धरून लवकर म्हातारी होते.

आई 2022 साली गेल्या. तेव्हा माझी निवृत्ती झालेली होती. कुंड्या कोणाला देणार का, असे एक-दोघींनी विचारले. मी एकीला अळू दिले, एकीला गवती चहाची मूठ दिली, पण कुंड्या चौदाच्या चौदा आमच्याकडे आहेत. मला बागेची आवड लागली का, असे विचाराल तर मी अजूनही नाहीच म्हणेन. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनाला जाते, तिथली फुले पाहून पाय दुखले की परत येते. पण कढीपत्ता विकत आणून आता वर्षे झाली, आणि मे महिन्यात मोगरा उघडतो तेव्हा मी गॅलरीचे दार लावून घेत नाही, इतके कबूल करते.

ज्या माझ्यासारख्या नाखूष आहेत त्यांच्यासाठी थोडे. सुरुवात दोन कुंड्यांनीच करावी. ऊन किती तास येते ते आधी मोजावे. चार तास आले तर मेथी, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा होईल. टोमॅटो-वांग्याला सहा तास तरी हवेत. पालेभाजीला सहा-आठ इंच खोली पुरते, टोमॅटोला बारा इंच आणि कढीपत्त्याला त्याहून मोठे भांडे हवे. मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते म्हणून लवकर सुकते. प्लॅस्टिकची ओल धरते. दोन्हींना एकच माप लावू नये. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर प्रथम जोरात पाण्याने धुवावे, मग साबणाच्या सौम्य पाण्यात कडुनिंबाचे तेल मिसळून संध्याकाळी फवारावे. दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर कुंडी पालथी करून गुंडाळलेली मुळे छाटावीत आणि माती बदलावी.

आता एक सूचना मांडते आणि संपवते. आपल्या मंडळाच्या सभासद आजूबाजूच्या बऱ्याच इमारतींत राहतात. हळदीकुंकवाला आपण एकमेकींकडे जातोच. जून ते नोव्हेंबर या महिन्यांत दर शनिवारी प्रत्येकीने आपल्या घरातले साठलेले पाणी ओतून भांडी घासावीत, आणि महिन्यातून एकदा दोघी-दोघींनी मिळून इमारतीची गच्ची पाहावी. यासाठी वर्गणी नको, ठरावाची गरज वाटल्यास चिटणीसबाई तो मांडतील. माझ्या घराची तपासणी पहिल्यांदा करावी, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. खालच्या वहिनी आज येथे बसल्या आहेत. हे भाषण मी त्यांना आधी वाचून दाखविले आणि त्यांची परवानगी घेतली. त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली. त्या म्हणाल्या, "चादर हातात घेऊन आले होते असं लिहिलंय, ती चादर नव्हती, पलंगपोस होता." पण चादर हा शब्द मी तसाच ठेवला आहे, कारण तो डाग अजून माझ्या डोळ्यांपुढे चादरीवरच दिसतो. वहिनींनी त्याला हरकत घेतली नाही.